लाकडी सज्जाची निगा

गोव्यातील अनेक जुन्या घरांच्या माड्यांना, तसेच काही शाळांच्या व सार्वजनिक इमारतींना लाकडी सज्जे आहेत. या प्रदेशात वर्षास सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. असे असूनही कित्येक सज्जे पिढ्यानुपिढ्या टिकले, तर काही थोड्याच वर्षांत निकामी झाले. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण सज्जा खचला तर केवळ लाकडाचे नुकसान होत नाही, त्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेतते.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर ही बुरशी वाढू शकत नाही. म्हणजेच अंगावर पडून वाहून जाणारे पाणी लाकडाचा शत्रू नव्हे. साचून राहणारे पाणी हाच खरा शत्रू होय. हिमालयातील देवदार असो किंवा आपल्याकडील सागवान, त्यांच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे बुरशी व वाळवी यांना काही काळ अटकाव होतो. परंतु बाहेरील पांढुरक्या भागात हा गुण नसतो. म्हणून ‘सागवान आहे, त्यास काय होणार?’ असे म्हणून निर्धास्त राहू नये.

पाणी नेमके कोठे साचते, हे प्रथम पाहावे. फळीच्या सपाट अंगापेक्षा तिची कापलेली टोके कितीतरी अधिक पाणी शोषतात. भिंतीत गेलेली तुळयांची टोके, खांबांचे तळ, सांधे आणि कुंड्यांखालची जागा ही सर्वांत धोक्याची ठिकाणे होत. उघड्या सज्जाच्या फळ्यांमधील फटी पाणी निथळण्यासाठी असतात. त्या पालापाचोळ्याने बुजू देऊ नयेत. कुंड्या ठेवावयाच्याच असतील तर त्या पायांवर उचलून ठेवाव्यात. तुळईचे टोक भिंतीत सिमेंटने घट्ट लिंपण्याचा प्रघात घातक आहे. त्या टोकाभोवती हवा खेळण्यास थोडी जागा हवी.

तपासणी

पावसाळा संपताच व पुन्हा तो सुरू होण्यापूर्वी, अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी. ती शक्यतो खालून करावी. टोकदार टोचा संशयित जागी दाबून पाहावा. निरोगी लाकूड विरोध करते. कुजलेल्या लाकडात टोचा सहज शिरतो. हातोडीने हलके ठोकल्यास पोकळ आवाज येणे, मातीच्या बारीक नळ्या दिसणे, ही वाळवीची लक्षणे होत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उन्हाने करडे पडलेले लाकूड कुजलेलेच असते असे नाही. तो बहुधा केवळ वरच्या थरातील बदल असतो. उलट, चकचकीत रंगाखालचे लाकूड आतून पोखरलेले असू शकते.

स्वच्छता व तेल

फळ्या सौम्य साबणाच्या पाण्याने, रेषांच्या दिशेने मऊ ब्रशने धुवाव्यात. पोलादी घासणी वापरू नये. तिचे कण अडकून गंजतात व काळे डाग पडतात. कॉस्टिक सोडाही वापरू नये. दिवाळीनंतर लाकूड पुरते वाळले म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत व जादा तेल पुसून घ्यावे. टोकांना तेल अधिक पाजावे. ओल्या लाकडावर तेल किंवा रंग लावल्यास ओलावा आतच कोंडला जातो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. काजूच्या टरफलांचे तेल लावण्याचीही जुनी रीत आहे; मात्र त्याने कातडी भाजून फोड येतात, म्हणून हातमोजे अवश्य घालावेत.

जुना रंग खरवडताना विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असण्याचा संभव असतो व त्याची धूळ मुलांना विशेष अपायकारक असते. रंग ओला करून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे आणि कचरा गोळा करून वेगळा बांधावा.

दुरुस्ती

तुळईचे टोक कुजलेले आढळल्यास सज्जावरील वावर तत्काळ बंद करावा, खालून धिरे द्यावेत व जाणत्या सुताराला बोलवावे. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे नवा तुकडा सांधता येतो. संपूर्ण सज्जा पाडण्याची गरज दरवेळी पडतेच असे नाही. स्क्रू पितळी अथवा जस्ताचा मुलामा दिलेले वापरावेत. मात्र पाणी येण्याचे मूळ कारण, मग तो सरकलेला नळा असो वा तुंबलेली पन्हळ, दूर केल्यावाचून केलेली दुरुस्ती व्यर्थ होय.

शाळांतील शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या ताब्यातील इमारतींची अशी पाहणी करून तिची नोंद ठेवावी. जुन्या गाभ्याचे सागवान आज सहजी मिळत नाही. जे आहे ते कोरडे राखणे, हाच ते टिकविण्याचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.