प्रवेशाची वाट (भाग ४) : आधी आजोबांची नोंद शोधा

मागच्या आठवड्यात अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचे दोन भाग आणि पसंतीक्रम आपण पाहिले. २०२५ पासून ही प्रक्रिया राज्यभर लागू झाली, त्यामुळे जिंतूरपासून पालम-सोनपेठपर्यंतच्या पालकांनाही ती शिकून घ्यावी लागली. आता पुढचा टप्पा.

मुलाने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला की अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, कृषी या प्रवेशांची तयारी दोन बाजूंनी सुरू व्हायला हवी. अभ्यास मुलाने करायचा, कागदपत्रे आई-वडिलांनी जमवायची. आपली मुले लातूर-नांदेडला खोली करून राहतात, रात्र-रात्र जागतात. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गुण असूनही एका कागदापायी जागा हातची जावी, यासारखे दुःख नाही. आणि ते टाळता येते.

वैधतेला वेळ लागतो

राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर नुसते जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेशप्रक्रियेत भाग घेता येतो, पण ठरलेल्या मुदतीत वैधता हाती आली नाही तर विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात धरतात. शासनाने काही वेळा मुदत वाढवून दिली आहे. म्हणून दरवर्षी वाढेलच, या भरवशावर कुणी राहू नये.

अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाला शिकत असतानाच करता येतो. तो ऑनलाइन भरायचा. सोबत प्राचार्यांचे पत्र (नमुना १५-अ), वंशावळीचे शपथपत्र (नमुना ३) आणि माहिती खरी असल्याचे शपथपत्र (नमुना १७) जोडायचे. परभणीत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आहे. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे.

खरे काम मात्र जुन्या पुराव्याचे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची जातीची व वास्तव्याची नोंद दाखवावी लागते. म्हणजे बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांपर्यंत जावे लागते.

इथे मराठवाड्याची अडचण वेगळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या काळचे बरेच दप्तर उर्दूत, काही मोडीत आहे. आजोबा गावच्या शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये त्यांच्या नावाची एक ओळ असेल : नाव, जात, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख. मुख्याध्यापकांकडून त्या ओळीचा निर्गम उतारा घ्यायचा. मजकूर उर्दूत असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्यायचे.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग चुलत आजोबा, आजोबांची बहीण यांच्या नोंदी पाहा. तहसीलमधील जुनी खासरा-पाहणीपत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखते, कुणी नोकरीत असेल तर सेवापुस्तक, सगळे तपासा. वडील, चुलते, आत्या किंवा चुलतभाऊ यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर ती प्रत सगळ्यात मोलाची. भाऊबंदकीतला अबोला यासाठी तरी सोडा. तुम्ही आज मागितलेला कागद उद्या त्यांच्याही लेकरांना लागणार आहे.

नाव सगळीकडे एकच हवे

एका कागदावर ज्ञानोबा, दुसऱ्यावर ज्ञानेश्वर, आधारवर आडनावच वेगळे, असे असले की हरकत निघते. मूल शाळेत शिकत असेपर्यंत रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणे सोपे असते. टी.सी. काढल्यावर तेच काम किचकट होते. म्हणून दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी नाव आणि जन्मतारीख एकदा डोळ्यांखालून घाला.

राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकी मागास प्रवर्गांना लागते, आणि त्याची मुदत संपलेली चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला दरवर्षी नवा काढावा लागतो. शेतकऱ्यांनी यात एक फरक लक्षात ठेवावा. ईडब्ल्यूएसच्या राज्य आणि केंद्र अशा दोन्ही नमुन्यांत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे, पण केंद्राच्या नमुन्यात ५ एकर शेतजमिनीची अट आहे, राज्याच्या नमुन्यात ती नाही. कोरडवाहू सात एकरवाल्याला राज्याचा दाखला मिळू शकतो, केंद्राचा नाही. मराठा विद्यार्थ्यांना २०२४ च्या कायद्याने राज्यात एसईबीसी आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत तो प्रवर्ग नाही, तिथे अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएस वापरता येते. सेतू केंद्रात अर्ज करतानाच कोणता नमुना हवा ते स्पष्ट सांगा.

मुलींच्या पालकांसाठी

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. तेव्हा ‘पोरीच्या फीला पैसा कुठून आणू’ म्हणून तिचे शिक्षण बारावीवर थांबवू नका. उत्पन्नाचा दाखला काढा आणि तिचा अर्ज भरा.

निकालानंतर जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो, तलाठी भेटत नाहीत. ती धावपळ तुमच्या वाट्याला येऊ नये. घरात अकरावीचे मूल असेल तर याच आठवड्यात आजोबा कोणत्या गावी, कोणत्या शाळेत शिकले हे घरातल्या थोरांना विचारा, लिहून ठेवा आणि त्या शाळेत जाऊन उतारा मागा.

(पुढील आठवड्यात : कॅप फेरीत पसंतीक्रम कसा लावावा)