मिरगुंडं निघाली कोलोनला!

ताप भरला की कपाळावर कोलोन वॉटरची घडी, हे आपल्या घरांत किती वर्षं चालत आलं! ते कोलोन म्हणजे जर्मनीतलं ऱ्हाइनकाठचं पुरातन शहर. तिथे दर विषम वर्षी ऑक्टोबरात ‘अनुगा’ हे खाद्यपदार्थांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. पेण-रोह्याच्या पापड-मिरगुंडवाल्या मैत्रिणींनो, परदेशी गिऱ्हाईक गाठायचं तर एजंटाला धाडू नका, स्वतः जा. पापडखार किती, हे त्याला काय ठाऊक?

तयारी वाळवणांबरोबरच सुरू करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, पण तितकं ताणू नका. पासपोर्ट परतल्यावरही तीन महिने चालायला हवा, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा.

हॉटेलात मात्र काटकसर नको. प्रदर्शनाच्या दिवसांत भाडी भडकतात, म्हणून चांगली खोली लवकर घ्या आणि डॉइट्झ भागातच घ्या. प्रदर्शन तिथेच आहे. लांबच्या स्वस्त खोलीतून पहिल्याच भेटीला दमून पोचाल. (यजमान कुरकुरतील. कुरकुरू द्यात!)

सामानात पेढे, तूप नको. दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत. पापड तळून दाखवता येतील का, हे आयोजकांना आधीच लिहून विचारा. न फुललेलं मिरगुंड पाहून कोण मागणी नोंदवणार?

एक संध्याकाळ राखून ठेवा. पूल चालत ओलांडला की १२४८ साली सुरू होऊन १८८० साली पुरं झालेलं कॅथेड्रल समोर येतं. जवळच १७०९ पासूनच्या फरीना अत्तरवाल्यांचं घर आहे. सासूबाईंसाठी बाटली घ्याच. फक्त १०० मिलिलिटरहून मोठी असेल तर ती मोठ्या बॅगेत टाका.