१.४४ एमबीची नक्कल

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथे वैमानिक घडतात. डायमंड डीए-४०सारख्या छोट्या विमानात शिकणाऱ्या मुलासमोर गार्मिनचे पडदे असतात आणि त्यांतली हवाईमार्गांची माहिती एसडी कार्डावरून भरली जाते. ही माहिती दर २८ दिवसांनी नवी घालायची, हा जगभरचा शिरस्ता. तोच शिरस्ता बोइंग ७४७-४०० हे अवाढव्य विमान मात्र साडेतीन इंची फ्लॉप्यांवर पाळत आलं. ब्रिटिश एअरवेजच्या निवृत्त ७४७ मधला फ्लॉपी ड्राइव्ह २०२० च्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत चित्रफितीत दिसला, तेव्हा बाहेरच्या अनेकांना त्याचा पत्ता लागला. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ मध्येच थांबवलं होतं. जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढायला २०२४ उजाडलं.

म्हणजे फ्लॉपी अजून पुरती गेलेली नाही. तिच्यावर लिहिलेलं मात्र जातंय. ते वाचवायला जी सॉफ्टवेअरं लागतात, त्यांची ही ओळख.

फाइल कॉपी करणं वेगळं आणि अख्खी डिस्क उचलणं वेगळं. उदाहरणही विमानाचंच घेऊ. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी आला. तो डॉसमधून चालतच नसे. फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं की थेट विमान. अशा डिस्कवर साध्या कॉपी कमांडचं काही चालत नाही. तिथे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये ओतावं लागतं. त्या फाइलला इमेज म्हणतात. साडेतीन इंची फ्लॉपीचा हिशोब सरळ आहे: दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, ट्रॅकमागे १८ सेक्टर, सेक्टरमागे ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. त्याला १.४४ एमबी कोणत्या गणिताने म्हणायचं? हजाराच्या हिशोबात १.४७ येतात, १०२४ च्या हिशोबात १.४१. दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या वापरून कंपन्यांनी आकडा छापला आणि जगाने तो पाठ केला.

डॉसमध्ये डिस्ककॉपी होतीच, पण ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. फाइल करून ठेवायची सोय सायडेक्स कंपनीच्या टेलीडिस्क आणि कॉपीक्यूएमने दिली. विंडोजवर जिल व्होलाँ यांचं विनइमेज चाललं. लिनक्स बसवणाऱ्या पिढीने रॉराइट उलट्या दिशेने वापरलं: इमेज हातात, तिच्यापासून बूट फ्लॉपी बनवायची. कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कसाठी सेंट्रल पॉइंटचं कॉपी टू पीसी होतं. त्याच्यावर किती गल्ल्यांतली दुकानं चालली, ते न बोललेलं बरं. आता क्रायोफ्लक्स किंवा कीर फ्रेझर यांचं ग्रीझविझल ही छोटी बोर्डं सेक्टरच्याही खाली जाऊन चुंबकीय बदलांची नोंद घेतात. आपल्याकडच्या साध्या डॉसच्या फ्लॉप्यांना माझ्या मते त्यांची क्वचितच गरज पडेल. सव्वापाच इंचीला मात्र पडेल, कारण बाजारात मिळणारे यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची घेतात.

इमेजमध्ये चांगलं-वाईट दोन्ही येतं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ब्रेन व्हायरस बूट सेक्टरमध्ये दबा धरून असे. इमेज काढली की तोही सोबत. पुसलेल्या फाइलीही येतात. डॉस फाइल पुसतो म्हणजे यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवतो. मजकूर वर दुसरं काही लिहीपर्यंत तिथेच पडून राहतो. संपादकाने कापलेली कथा किंवा वकिलाने पुसलेली नोटीस अशी निघू शकते. इमेज दुसऱ्याच्या हाती देण्याआधी याचा विचार व्हावा.

मराठीतला खरा ठेवा आहे डीटीपीवाल्यांकडे. नव्वदच्या दशकात दिवाळी अंकांची पानं पेजमेकरमध्ये लागत आणि मजकूर अॅमकेट किंवा मोझर बेअरच्या फ्लॉपीवरून फिरे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, यांच्या फाँटात तो बसलेला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रकं, सगळं त्याच वाटेने गेलं. छापील प्रत कुठे ना कुठे असेल. पण मूळ मजकूर त्या फ्लॉपीतच.

काढायला बसलात तर आधी फ्लॉपी उजेडात धरा आणि धातूची झडप सरकवून चकती बघा. पांढरट ठिपके किंवा वर्तुळ दिसलं तर बुरशी आहे. तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही त्यावर घासतात. मग कोपऱ्यातलं बटण सरकवून खिडकी उघडी करा, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. ही काळजी फुकाची नाही: विंडोज ९५ नुसती फ्लॉपी वाचताना तिच्या बूट सेक्टरमध्ये आपली खूण लिहून ठेवत असे. फॉरमॅट करायचं का, असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी सहज मिळणारे सेक्टर उचलतं, अडलेले एका नकाशात नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. वाचेना, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा पुढे चालवा. हेड जरा सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी एका मशीनमध्ये आंधळी आणि दुसऱ्यात ठणठणीत असू शकते.

इमेज निघाली तरी मराठी लगेच दिसत नाही. त्या काळचे बहुतेक डीटीपी फाँट युनिकोडचे नव्हते. फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ समोर येते. कन्व्हर्टर मिळतात, पण कोणता फाँट होता हे आधी कळावं लागतं आणि जोडाक्षरं, रफार हाताने तपासावे लागतात. म्हणून फ्लॉपीच्या लेबलाचाही फोटो काढा. त्यावर बॉलपेनने फाँटचं नाव लिहिलेलं असू शकतं. जुन्या मशीनवरच्या फाँटच्या फाइली वेगळ्या उतरवून घ्या. आणि प्रिंटर पोर्टला लावायचं ते फाँट सॉफ्टवेअरचं लॉक ड्रॉवरमध्ये सापडलं, तर भंगारात देऊ नका. पेजमेकरची ती पानं मूळ रूपात उघडायची झाली तर ते लागू शकेल.