पांढरा साका

स्टिररवरच्या बीकरात झिंक ॲसिटेटचं द्रावण होतं. 100 मिलिलिटर पाण्यात 2.195 ग्रॅम, दिसायला नुसतं पाणी. ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचा पहिला थेंब पडला आणि पडल्या जागी पांढरा धूर उठल्यासारखं झालं. तासाभरात बीकर ताकासारखा पांढराफेक. इथे हात आवरता हवा. सोडा फार झाला की जमलेला साका पुन्हा विरघळू लागतो.

मग धुणं. शोधनिबंधांत याला अर्धी ओळ मिळते, प्रत्यक्षात अख्खी दुपार जाते. आमच्याकडे सेंट्रिफ्यूज नव्हतं. साका बसू द्यायचा, वरचं पाणी निथळायचं, नवं डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि पीएच पेपर 7 दाखवीपर्यंत हेच करत राहायचं. पहिल्या खेपेला मी कंटाळून चौथ्या पाण्यावर थांबले. भट्टीतून निघालेली पूड दिसायला झकास होती, पण एक्स-रेच्या आलेखात नको तिथे बारीक शिखरं उभी. साक्यात राहिलेल्या सोडियम ॲसिटेटचं भट्टीत सोडियम कार्बोनेट झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून.

मफल फर्नेस 450 अंशांवर, दोन तास. दार उघडलं तर पूड पिवळी! कुणीही घाबरेल. पण भट्टीत साक्याचं झालेलं झिंक ऑक्साइड गरम असताना पिवळंच दिसतं. थोडा ऑक्सिजन स्फटिकातून सुटलेला असतो, निवताना तो परत जागेवर येतो आणि पूड पुन्हा पांढरी होते.

पूड अकीकाच्या खलात घोटून एक्स-रे यंत्राच्या नमुनापट्टीतल्या खाचेत भरायची आणि काचपट्टीने सपाट करायची. एक्स-रेची नळी तांब्याची, तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम. आलेखात 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांवर तीन शिखरं आली, की षट्कोनी वुर्टझाइट रचना जमली समजायचं. सर्वांत उंच शिखर निम्म्या उंचीवर 0.4 अंश रुंद भरलं. ही रुंदी शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या 1918च्या सूत्रात घातल्यावर आकार आला सुमारे 21 नॅनोमीटर. यूव्ही स्पेक्ट्रममध्ये शोषणाची कड 370 नॅनोमीटरच्या आसपास. 1240ला 370ने भागलं की ऊर्जा-अंतर 3.35 इलेक्ट्रॉन व्होल्ट.

खरी गडबड इथून पुढे होते. हे 21 म्हणजे एका सलग स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. एका कणात असे कितीतरी स्फटिक चिकटलेले असू शकतात, ते पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. तरी प्रबंधांत सर्रास ‘कणाचा आकार’ म्हणून तोच आकडा छापतात. वर ऊर्जा-अंतर जरा बदललेलं दिसलं की ‘क्वांटम कन्फाइनमेंट’, म्हणजे इवल्या कणात इलेक्ट्रॉन कोंडला गेला! झिंक ऑक्साइडमध्ये एक्सायटॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा या जोडीची, त्रिज्या 2.3 नॅनोमीटरच्या आसपास. 21 नॅनोमीटरच्या खोलीत त्याला कसली अडचण?

आणि एक. यंत्र स्वतःही शिखर थोडं रुंद करतं. प्रमाणित नमुन्यावर ती रुंदी मोजून हिशोबातून काढल्याशिवाय 21 सुद्धा लिहू नका.