आउटलुक ई-मेल आज्ञावलीतील सुरक्षा-दोष, २०२३

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या आउटलुक या ई-मेल आज्ञावलीच्या विंडोज-आवृत्त्यांत आढळलेला गंभीर दोष. सीव्हीई-२०२३-२३३९७ या क्रमांकाने तो नोंदविला गेला असून त्याची तीव्रता १० पैकी ९.८ ठरविण्यात आली. युक्रेनच्या संगणक-आणीबाणी प्रतिसाद पथकाने तो कंपनीस कळविला व १४ मार्च २०२३ रोजी त्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध झाली. तथापि त्याचा गैरवापर एप्रिल २०२२ पासूनच होत असावा, असे दर्शविणारा पुरावा पुढे मिळाला. यूरोपातील शासकीय, लष्करी, ऊर्जा व वाहतूक क्षेत्रांतील मोजक्या संस्थांवर हे हल्ले झाले. हल्लेखोर रशियातील असल्याचे कंपनीने म्हटले.

स्वरूप : भेटीच्या वेळेची आठवण देताना कोणत्या फाइलमधील ध्वनी वाजवावयाचा, हे आउटलुकमध्ये संदेशासोबतच नमूद करता येत असे. ती फाइल वापरणाऱ्याच्या संगणकावरच असावी, असे बंधन नव्हते. हल्लेखोर तेथे आपल्या दूरस्थ सर्व्हरचा पत्ता घालीत. आठवणीची वेळ उलटून गेलेली असल्यास संदेश येताच आउटलुक त्या सर्व्हरशी संपर्क साधी आणि एनटीएलएम या विंडोजच्या ओळख-पडताळणी पद्धतीनुसार, वापरणाऱ्याच्या परवलीच्या शब्दावरून गणिताने काढलेले उत्तर त्यास देई. मूळ शब्द बाहेर जात नसे. परंतु ते उत्तर तत्काळ अन्य सर्व्हरकडे धाडून तेथे प्रवेश मिळविता येई, किंवा सवडीने त्यावरून शब्द हुडकता येई. अनोळखी संदेश उघडू नये, हा नेहमीचा उपदेश येथे व्यर्थ होता. कारण संदेश उघडण्याची गरजच नव्हती.

उपाययोजना : सुधारलेले आउटलुक प्रथम फाइलच्या पत्त्याची तपासणी करते व तो बाहेरचा आढळल्यास नेहमीचा ध्वनी वाजविते. ही तपासणी विंडोजच्या एका जुन्या कार्यावर सोपविलेली होती. पत्त्यात एखादेच जादा चिन्ह घातल्यास त्या कार्यास दूरचा पत्ता स्थानिक भासतो, हे अकामाई कंपनीचे संशोधक बेन बार्निया यांनी दाखवून दिले. त्यामुळे मे २०२३ मध्ये विंडोजमध्येही दुरुस्ती करावी लागली.

दुरुस्ती तत्काळ करणे शक्य नसेल, तर संस्थेच्या जालातून बाहेर जाणारी पोर्ट ४४५ वरील वाहतूक रोखावी, असे सुचविण्यात आले. घरून काम करणाऱ्यांना मात्र या बंदीचे संरक्षण मिळत नाही.

भोक बुजविल्याने आधी निसटलेले परत येत नाही. म्हणून कंपनीने टपालपेट्यांतील संदेश, भेटी व कामांच्या नोंदींमध्ये असे पत्ते शोधणारी आज्ञावली उपलब्ध करून दिली. संदेश मागाहून कायमचे मिटविलेले असल्यास या शोधात काही सापडत नाही. त्यामुळे संशय असलेल्या खात्यांचे परवलीचे शब्द बदलणे आवश्यक ठरते. तेवढ्यानेही भागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पोलंडच्या लष्करी सायबर दलाने उघड केले, की हल्लेखोर टपालपेटीच्या कप्प्यांचे अधिकार बदलून ठेवीत. असे कप्पे संस्थेतील कोणत्याही अधिकृत खात्यावरून वाचता येत असल्याने, मूळ खात्याचा शब्द बदलल्यावरही त्यांचे वाचन चालूच राही. अशा प्रसंगी प्रत्येक कप्प्याचे अधिकार तपासून पूर्ववत करावे लागतात.