टाकळा खा, कासविंदा टाळा

पावसाळा सुरू झाला की उकिरड्यावर, रस्त्याकडेला, पडीक रानात टाकळा उगवतो. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो. पण त्याच जागी त्याचा एक भाऊबंदही वाढतो, तो म्हणजे कासविंदा ऊर्फ रानटाकळा. दोघेही शेंगवर्गीय, दोघांची फुले पिवळी, पाच पाकळ्यांची, दोघांनाही उग्र वास. म्हणूनच घोटाळा होतो.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास एक शेतमजूर बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. भातुकली खेळताना पोरीने शेंगा सोलून दाणे खाल्ले होते. "टाकळाच आहे डॉक्टर, आम्ही नेहमी खातो," आई म्हणाली. सुदैवाने एक शेंग तिने पदरात बांधून आणली होती. ती कासविंद्याची निघाली. मी मुलीला लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवले. दाणे थोडेच पोटात गेले होते, म्हणून पोर वाचली.

मी घाबरलो, त्याला कारण होते. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे पावसाळा सरताना लहान मुले उलट्या होऊन बेशुद्ध पडत व दगावत. सारे त्याला मेंदूज्वर समजत. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन व सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बोट दाखवले ते कासविंद्याच्या दाण्यांकडे. हे विष लिव्हर, स्नायू आणि मेंदू या तिघांनाही इजा करते. त्यावर उतारा नाही.

मग ओळखायचे कसे? टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पाने टोकाला गोलसर असतात. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या असून पाने टोकदार असतात. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, रुंद, जवळजवळ सरळ, कडेला फिकट.

वाचकहो, घराजवळचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वी मुळासकट उपटा. मुलांना कोणत्याही रानशेंगांशी खेळू देऊ नका. मुलाने दाणे खाल्ल्याचा संशय आला, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका आणि उलट्यांची वाटही पाहू नका. सोबत शेंग घ्या आणि तडक दवाखाना गाठा.