उचललेला मजकूर, विकतचे वाचक

अलेक्सांद्र झुकोव नावाच्या एका रशियन माणसाने 2014 ते 2016 या काळात अमेरिकेतल्या डॅलस शहरात आणि इतरत्र मिळून 1,900हून जास्त सर्व्हर भाड्याने घेतले होते. त्यांच्यावर चालणारे प्रोग्राम माणसासारखे वागायचे. पान उघडायचे, खाली सरकवायचे, माऊस हलवायचे, व्हिडिओ सुरू करून मध्येच थांबवायचे, फेसबुकवर लॉग-इन असल्याचं भासवायचे. ही वाचक मंडळी ज्या पानांवर जायची ती पानंही बनावट होती. त्यांना हजारो नावाजलेल्या संकेतस्थळांचे पत्ते चिकटवलेले असायचे आणि आत जाहिरातीच्या चौकटीपलीकडे काही नसायचं. जाहिरातदारांनी या वाचकांसाठी 70 लाख डॉलरपेक्षा जास्त पैसे मोजले. फसलेल्यांत ‘न्यू यॉर्क टाइम्स’ होतं, मोठ्या कंपन्या होत्या, आणि टेक्सासमधलं लहान मुलांचं एक धर्मादाय रुग्णालयही होतं. झुकोवला 2018 साली बल्गेरियात अटक झाली, 2021 साली ब्रुकलिनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

या प्रकरणाला तपासणाऱ्यांनी ‘मेथबॉट’ असं नाव दिलं होतं. ते उजेडात आलं तेव्हापासून मी त्याबद्दल मिळेल ते वाचत आले, कारण त्याच धंद्याचं छोटं रूप मला रोजच्या कामात दिसतं. मी पुण्यात बसून दुसऱ्यांची संकेतस्थळं सांभाळते. त्यांतली बरीच एकेका व्यवसायावर लिहिणाऱ्यांची आहेत. कुणी यंत्रमागावर लिहितो, कुणी दूधधंद्यावर, कुणी सीएनसी मशीनवर. लिहिणारे स्वतः त्या त्या धंद्यातले आहेत. त्यांचा लेख वाचून कुणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनची सेटिंग बदलणार असतं किंवा पंपात औषध ओतणार असतं. म्हणून या मजकुराची चोरी मला फार लागते.

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आहेत. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत कुठल्या अवस्थेत कुठली फवारणी, भुरी दिसली तर काय, डावणी दिसली तर काय, हे ते अनेक हंगाम लिहीत आले आहेत. प्रत्येक लेखाखाली एक तक्ता असतो. औषध, प्रमाण, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं, हे त्या तक्त्यात असतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची जी यादी निघते, तिला बागायतदार ‘ॲनेक्शर 5’ म्हणतात. ती बदलली की दादा जुने लेख दुरुस्त करतात, वर लाल अक्षरात ‘यातलं अमुक औषध आता वापरू नये’ असं लिहितात. त्यांना ही काळजी का वाटते हे नाशिक भागात कुणाला सांगावं लागत नाही. 2010 साली क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली होती, आणि निर्यातीवर अवलंबून असलेली घरं त्यात पोळली होती.

दादांचे लेख उचलून छापणारं एक संकेतस्थळ आम्हाला सापडलं. नाव शेतीचं, मांडणी चकचकीत, लेखकाच्या जागी ‘ॲडमिन’. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून वाचली. परिच्छेद जसेच्या तसे होते. तक्ता मात्र गायब होता, कारण मजकूर ओढणारा प्रोग्राम फक्त परिच्छेद उचलत होता. दादांची लाल अक्षरातली सूचनाही आली नव्हती, कारण त्यांनी ती घालण्याआधीच लेख उचलला गेला होता. आणि तारीख बदललेली होती. दोन हंगामांपूर्वीचा सल्ला त्या पानावर आजच्या तारखेने उभा होता. गूगलवर भुरीबद्दल शोधणाऱ्या एखाद्या तरुण बागायतदाराला हे पान आधी दिसलं, तर काढणीआधीचे दिवस मोजायचे असतात हे त्याला तिथे कळणारच नाही. चोरीत लेखकाचं नुकसान होतं ते आपण समजू शकतो. वाचणाऱ्याचं नुकसान त्याच्या बागेत होतं, आणि ते कुठून आलं हे त्याला कधीच उमगत नाही.

उचलेगिरी कशी चालते ते सांगते. बहुतेक संकेतस्थळांना ‘फीड’ असते. नवा लेख आला की त्याचा मजकूर यंत्राला वाचता येईल अशा रूपात तिथे आपोआप ठेवला जातो. सोय चांगल्या हेतूने केलेली आहे. चोराचा प्रोग्राम दर काही मिनिटांनी तीच फीड तपासतो आणि लेख स्वतःच्या पानावर चढवतो. यात माणसाचा हात लागत नाही.

ते सिद्ध करायला आम्ही मराठीचीच मदत घेतली. ‘शेतकऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ या शब्दांतला आडव्या रेघेचा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या र-ला हलन्त जोडून. दुसरी, साध्या र-ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. मी दादांच्या लेखांत या दोन तऱ्हा एका ठरलेल्या क्रमाने पेरल्या. पुढच्याच लेखात तोच क्रम चोराच्या पानावर सापडला. गाण्यांचे शब्द देणाऱ्या ‘जीनियस’ या अमेरिकी कंपनीने सरळ आणि वाकड्या अपॉस्ट्रॉफीचा असाच क्रम लावून 2019 साली गूगलवर आपले शब्द उचलल्याचा आरोप केला होता. शब्दांचे हक्क मुळात गीतकारांचे असल्यामुळे तो दावा न्यायालयात टिकला नाही, पण युक्ती पक्की आहे. हल्ली मात्र ती कमी कामी येते. उचललेला लेख एआयकडून दुसऱ्या शब्दांत लिहून घेतला की आमचा क्रम पुसला जातो, आणि त्यात ‘प्रति लिटर’चं ‘प्रति एकर’ झालं तरी ते पाहणारं कुणी नसतं. अशा ढिगाने तयार केलेल्या पानांविरुद्ध गूगलने मार्च 2024मध्ये नियम कडक केले. मराठी पानांवर त्याचा परिणाम मला अजून तरी फारसा दिसलेला नाही.

आता मूळ मुद्दा. एवढा मजकूर चोरून करायचं काय? वेबवरच्या बऱ्याच जाहिराती लिलावाने विकल्या जातात. तुम्ही पान उघडता, ते पूर्ण दिसायच्या आत तुमच्यासमोरच्या चौकटीचा लिलाव होऊन जातो. पैसे मोजले जातात ते पान किती वेळा दिसलं किंवा जाहिरातीवर किती वेळा बोट पडलं यावर. जाहिरातदार आणि पान यांच्यामध्ये चार-पाच दलाल असतात, आणि आकडा वाढला की प्रत्येकाचा वाटा वाढतो. कोऱ्या पानाला जाहिरात मिळत नाही, म्हणून मजकूर हवा. लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, म्हणून तो उचलायचा. वाचक यायची वाट पाहायची नाही, म्हणून तेही विकत आणायचे. या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या ओळी आहेत. मजकुराच्या चोरीची तक्रार आपण एकीकडे करतो आणि खोट्या वाचकांची दुसरीकडे, आणि दोन्ही ठिकाणी अर्धंच काम होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेने 2023 साली आपल्या सभासदांचा खर्च तपासला, तेव्हा लिलावातल्या जाहिरातींपैकी 21 टक्के निव्वळ जाहिरातींसाठी काढलेल्या पानांवर गेल्या होत्या. ती पानं तर झुकोवच्या पानांसारखी नव्हती, बहुतेक कायदेशीर होती.

लेखाखाली ‘फार छान माहिती’ लिहून मागे कर्ज देणाऱ्या ॲपची लिंक सोडणारे अभिप्राय याच कुळातले. कुणी किती दुवे दिले यावरून पानाची पत ठरवायची पद्धत गूगलच्या संस्थापकांनी 1998 साली मांडली आणि दुव्यांचा बाजार उभा राहिला. 2005पासून अशा दुव्यांना ‘यांना मोजू नका’ अशी खूण लावता येते. अभिप्राय तरीही येतच राहतात.

विकतचे वाचक मी जवळून पाहिले ते पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्राच्या निमित्ताने. मालकाने एका दलालामार्फत जाहिराती दिल्या होत्या, फक्त नाशिक जिल्ह्यात दिसाव्यात अशा बोलीवर. ‘ताई, हजारो लोकं येऊन गेली म्हणतात, पण दुकानात कुणी विचारत नाही,’ असं ते म्हणाले. त्यांच्या पानाचा सर्व्हर लॉग मी उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितलं गेलं, याची एकेक ओळ त्यात असते. खऱ्या मराठी वाचकांच्या ओळींना चढउतार असतो. सकाळी आठ-नऊला गर्दी, दुपारी ओसरते, रात्री जेवणं झाली की पुन्हा वाढते, पहाटे शुकशुकाट. इथे पहाटे तीनला तेवढेच, दुपारी तीनला तेवढेच. माणसाचा ब्राउझर पान मागतो, त्यापाठोपाठ चित्रं मागतो, अक्षरांचा फॉन्ट मागतो. यांनी फक्त पान मागितलं. फॉन्टशिवाय ते वाचणार काय होते? आणि त्यांचे पत्ते मोबाइल कंपन्यांचे नव्हतेच, परदेशातल्या डेटा सेंटरचे होते. ही सगळी मंडळी ज्या संकेतस्थळावरून आल्याची नोंद होती, ते होतं दादांचे लेख उचलणारं तेच ‘ॲडमिन’चं पान.

तरीही त्या पानाच्या मालकाने वाचक विकत घेतले असं मी दुकानाच्या मालकांना छातीठोकपणे सांगितलं नाही. असा आरोप करताना मी फार जपते. आकडा एकदम वाढण्याची प्रामाणिक कारणं असतात. गारपीट झाली, कुणी लेख गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की एका रात्रीत गर्दी होते. एकाच पत्त्यावरून शेकडो जण आले म्हणजे खोटे, असंही नाही, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात. प्रतिस्पर्ध्याचं जाहिरात खातं बंद पडावं म्हणून त्याच्या पानावर मुद्दाम खोटे क्लिक पाठवणारेही असतात. शिवाय ‘तुमचे वाचक वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीला पैसे देणाऱ्या एखाद्याला ती बॉट, म्हणजे माणसाची नक्कल करणारे प्रोग्राम, पाठवते आहे हे माहीतही नसतं. लॉगवरून वाचक खोटे आहेत हे कळतं. ते कुणी मागवले हे कळायला पैशाचा माग हवा, आणि तो दलालांच्या हिशेबात असतो.

त्या मागाचा थोडासा भाग मात्र कुणालाही पाहता येतो. झुकोवसारख्यांनी नावाजलेल्या पत्त्यांची नक्कल केली, त्यावर उपाय म्हणून 2017 साली ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ नावाची साधी यादी आली. आपल्या पानावरच्या जाहिराती कोण विकू शकतो, हे संकेतस्थळाने त्यात जाहीर लिहायचं. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाकलं की ती उघडते. कुठला विक्रेता थेट आणि कुठला पुनर्विक्रेता, हेही तिथे असतं. ‘ॲडमिन’च्या पानाची यादी मी उघडली तर पुनर्विक्रेत्यांच्या ओळी संपता संपेनात.

मजकुरासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला की हक्क आपोआप लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही. औषधाचं प्रमाण ही माहिती कुणाच्या मालकीची नसते, दादाही ती संशोधन केंद्राच्या यादीतून घेतात आणि तसं लिहितात. ती ज्या शब्दांत आणि ज्या अनुभवासह सांगितली, ते शब्द मात्र त्यांचे. 2013च्या नियमांत अशी तरतूद आहे की दुसऱ्यांचा मजकूर साठवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार केली, तर तिने 36 तासांत त्या पानाची वाट बंद करायची. 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा उघडू शकते. द्राक्षाच्या हंगामात दादांनी कोर्टात खेटे घालावेत ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आम्ही दोन रस्ते धरले. सर्व्हर अमेरिकेत होता, म्हणून तिथल्या 1998च्या कायद्याखाली होस्टिंग कंपनीला नोटीस पाठवली. आणि फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी पहिल्या चार ओळीच ठेवल्या, त्यातली पहिली ओळ अशी की फवारणीचा तक्ता मूळ पानावर पाहिल्याशिवाय औषध मारू नये. उचललेली पानं काही आठवड्यांनी उतरली. तीच मांडणी नंतर दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली, पहिल्या ओळीसकट.

कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी पुढच्या हंगामात दलालाकडचं खातं बंद केलं. प्रत्येक जाहिरातीवर वेगळा फोन नंबर टाकला, म्हणजे कुठली जाहिरात पाहून माणूस बोलतोय ते कळावं. मग त्यांनी दादांनाच विचारलं की हंगामाची एक ठरावीक रक्कम घ्या आणि आमची जाहिरात लावा. दादा तयार झाले, एका अटीवर. ठिबकच्या लेखाशेजारी लावा, छाटणीच्या लेखाशेजारी लावा, फवारणीच्या तक्त्याजवळ औषधाच्या दुकानाची जाहिरात येणार नाही. मालकांना नेमकी तीच जागा हवी होती. दोघांचं फोनवर बरंच बोलणं झालं, आणि जाहिरात शेवटी ठिबकच्या पानावर लागली.